यशोदेचा काटा उठेना

सकाळी मार्तंडरावांनी जीप सुरू केली आणि ऑइलचा दाब दाखवणारा काटा जागचा हललाच नाही.

एरवी चावी फिरवली की हा काटा हजेरीला नाव पुकारल्यासारखा ताडकन उभा राहायचा. मार्तंडराव जन्मभर शाळामास्तर, त्यामुळे त्यांना त्याचं फार कौतुक. आज मात्र तो शून्यावर आडवा पडलेला. वर इंजिनातून टक्टक् टक्टक् असा आवाज. त्यांनी घाईघाईने चावी बंद केली, देवाचं नाव घेतलं, परत फिरवली. परत तेच.

"अगं ए! काटा उठत नाहीये!"

"कोणाचा?" आतून कुमुदताईंचा आवाज आला.

"यशोदेचा!"

"मग जरा ऊन खाऊ दे तिला. थंडी काय पडलीये! माझं तेलसुद्धा दगड झालंय." असं म्हणत कुमुदताई बाहेर आल्या आणि रोजच्यासारखी खोबरेलाची गोठलेली बाटली जीपच्या बॉनेटवर ठेवून गेल्या. दिवेआगरला सुपारीच्या झाडांतून पहिलं ऊन उतरतं ते नेमकं त्या बॉनेटवर, म्हणून मार्गशीर्षभर बाटलीची जागा तीच.

यशोदा म्हणजे जीप. जो येईल त्याला मांडीवर घेते म्हणून यशोदा. ती किती जुनी, ते गावात कुणालाच सांगता येत नाही. काही जण म्हणतात, आधी जीप आली आणि मग तिच्यासाठी रस्ता केला. मागे वादळात अख्खी वाडी झोपली, पण यशोदा हलली नाही. एक भलाथोरला माड कडाडून तिच्या बॉनेटवर पडला, तर खोक पडली ती माडाला. एकदा तर वाळूत रुतलेली होडी तिने अशी काही ओढली, की होडीबरोबर समुद्रही थोडा पुढे आला आणि तो अजून मागे गेलेला नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, पाणी पूर्वीपेक्षा जवळ आहे.

एवढं सगळं असून मुलाला मात्र ती डोळ्यांसमोर नको होती. देवदत्त श्रीवर्धनला बँकेत. त्याची नवी पांढरी गाडी दारात उभी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. शेजारी यशोदा उभी राहिली की त्याला लाज वाटायची. शेवटी परवा झोपाळ्यावर बसून त्याने विषय काढला.

"बाबा, एकदाच काय ते होऊ दे. आश्लेषाच्या लग्नाला यशोदा स्वतःच्या चाकांवर अलिबागला पोचली, तर मी जन्मात तोंड उघडणार नाही. नाही पोचली, तर जिथे बंद पडेल तिथूनच भंगारात."

"मान्य," मार्तंडराव म्हणाले.

आश्लेषा म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची, कमळची मुलगी. ते नवरीचे मामा. कमळला लग्नानंतर सासरी पोचवली ती यशोदेनेच. आता भाचीचं रुखवतही तिच्याच पाठीवर जाणार, यात त्यांना शंकाच नव्हती. काल दुपारी तर त्यांनी स्वतःच्या हाताने तिचं जुनं, काळं ऑइल काढून टाकलं आणि नवंकोरं घातलं होतं. बोर्लीच्या दुकानातून आपल्याच कॅनमध्ये भरून आणलेलं. लेकीला न्हाऊ घालावं तसं न्हाऊ घातलं होतं तिला. आणि आज ती अशी!

तेवढ्यात सून, किशोरी, पदराने नाक दाबून ओटीवर आली. तांबडं फुटायच्या आधीपासून ती रुखवत बाहेर काढत होती. पापडांचं देऊळ, सुपारीचा मोर, आणि घरच्या खोबरेलाचा एक काळा कॅन. कॅनला कुमुदताईंनी जरीची किनार लावली होती, पोटावर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. उचलताना आत तेल डचमळलं, तेव्हा सांडू नये म्हणून किशोरीने झाकण पुन्हा आवळून घेतलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "गाडीला खोबरेलाचा वास येतोय."

सगळे खो खो हसले. किशोरी कोरेगावची, साताऱ्याकडची, शेंगदाण्याच्या तेलावर वाढलेली. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला इथे खोबरेलाचाच वास येत होता. भाजीला येतो, टॉवेलला येतो, उशीला येतो, मांजरीला येतो. दिवेआगरात खोबरेलाचा वास येतो म्हणणं म्हणजे समुद्रात बसून पाणी लागतंय म्हणणं.

"अगं, तुला कशाला येत नाही?" देवदत्त म्हणाला.

"न्हाई, पण आज लईच येतोय," किशोरी म्हणाली. घाईत असली की तिची कोरेगावची बोली बाहेर यायची. पण ऐकतो कोण?

बोर्लीहून रावजी मेकॅनिकला बोलावणं गेलं. रावजी म्हणजे तालुक्याचा इंजिनाचा वैद्य. मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच तो निदान करायचा.

"प्रेशर न्हाय? काय घाबरू नका गुरुजी. आपन हाय ना."

त्याने बॉनेट उघडायला बाटली बाजूला ठेवली, ऑइल मोजायची पट्टी, डिपस्टिक, ओढून काढली आणि त्याचा चेहरा पडला. पट्टीला पांढरट, राखाडी काहीतरी चिकटलेलं. बोटावर घेतलं तर खव्यासारखं.

"गुरुजी, तुमी जरा बसून घ्या."

"का रे?"

"इंजिनात पानी घुसलंय. ऑइल पार दुधावानी झालंय. हेड ग्यालं."

"गेलं म्हणजे?"

"ग्यालं म्हंजे ग्यालं. इंजिन उतरवायला लागंल. आज अलिबागचं नाव काडू नका."

देवदत्त विहिरीकडे गेला आणि फोन कानाला लावून म्हणाला, "हो हो, इथूनच उचला. नाही, सुरू होत नाही."

मार्तंडरावांनी बॉनेटवर हात ठेवला. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. संध्याकाळी सीमांतपूजन, मांडवात मामा लागणार, रुखवत लागणार. ते सगळं देवदत्तच्या गाडीतून जाईल. पण यशोदा? कुमुदताईंना नवऱ्याचा चेहरा बघवेना.

"रावजी, चहा घे आधी. घावन टाकलेत. रिकाम्या पोटी कोणाला मारू नये."

घावनं झाली, चहा झाला, परत चहा झाला. सुपारीवरून ऊन खाली उतरलं, अंगणात आलं, यशोदेच्या अंगभर पसरलं. देवदत्तची घाई चाललेली, म्हणून रावजी त्याला पुरावा दाखवायला परत उठला.

"हे बगा, दादा. हे असं पांढरं..."

आणि त्याने पट्टी डोळ्यांजवळ नेली. पट्टीवर पांढरं काही नव्हतं. पातळ, स्वच्छ तेल, कडेने थोडं काळसर. त्याने पट्टी पुसली, परत घातली, परत काढली. तेच.

"माजं डोळं ग्यालं का गाडीचं हेड आलं?"

"सुरू करून बघा ना," कुमुदताई म्हणाल्या.

मार्तंडरावांनी चावी फिरवली. काटा ताडकन उभा राहिला.

"बघितलंस?" मार्तंडरावांच्या अंगात आलं. "भंगाराचं नाव काढलं आणि बरी झाली! अरे, मानी गाडी आहे ती!"

"काट्यातच बिघाड असणार," देवदत्त म्हणाला. "मीटर खोटं दाखवतंय."

रावजीलाही ते पटलं. त्याने इंजिनाच्या कुशीतलं, काट्याला दाब कळवणारं बटण सोडवलं आणि तिथे आपलं स्वतःचं, काचेचं मीटर फिरवून बसवलं. इंजिन सुरू केलं. रावजीचं मीटर आणि यशोदेचा काटा दोन्ही एकच सांगू लागले.

"दोनी बराबर हायत, दादा."

"मग दोन्ही खोटी असतील," देवदत्त म्हणाला. बँकेतला माणूस, एका सहीवर विश्वास ठेवत नाही आणि दोन सह्यांवर तर त्याहून नाही.

शेवटी ठरलं की निघायचं. मार्तंडरावांनी रावजीलाही बरोबर घेतलं, नाजूक पेशंटबरोबर डॉक्टर असावा म्हणून. कुमुदताई पुढे मधल्या जागेवर बसल्या. किशोरी मागे रुखवताजवळ, मांडीवर पापडांचं देऊळ घेऊन. देवदत्तने रुखवत आपल्या गाडीत घेतलं नाही. सीटला डाग पडतील म्हणाला. तो मागून एकटाच, दोर डिकीत टाकून, यशोदा कुठे बसते ते बघत निघाला.

सुरुवातीला यशोदा अशी धावली, की रस्त्याकडेची सुरूची झाडं मागे वळून बघायला लागली. चढ लागला, इंजिन तापलं, आणि काटा एक रेघ खाली आला. मग आणखी एक.

"रावजी, उतरतोय रे."

"पंप असंल. न्हायतर बेरिंग असंल."

"नाहीतर?"

"न्हायतर नजर लागली असंल, गुरुजी. मागून एक पांडरी गाडी येतेय ना, तिची."

कुमुदताईंनी तिथल्या तिथे हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा रूपनारायणा, हिला अलिबागला सुखरूप पोचव रे बाबा. तुझ्या समईला घरचं खोबरेल घालीन!"

मागे किशोरी फटाफट शिंकली. "आई, देवाला आणि कशाला? इथं रस्त्यावर समई पेटलीये की! किती वास तो!"

"गप गं. गाऱ्हाण्यात शिंकू नये."

झाडाखाली थांबले, की काटा जरा सावरायचा. निघाले, तापले, की परत लोळण. रावजीचे पुस्तकात असलेले आणि नसलेले सगळे रोग सांगून झाले. सकाळी गाडी थंड असताना प्रेशर शून्य, कोमट झाली की उत्तम, तापली की परत शून्य. असला रोग त्याने माणसातही बघितला नव्हता.

दिघीच्या जवळ येईतो मागे वरात लागली. आधी एक कुत्रं, मग तीन, मग कावळे. त्यामागे पुण्याची एक गाडी, तिच्यामागे आणखी एक. जेट्टीवर, गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीसाठी, यशोदा रांगेत उभी राहिली तशी पुण्याच्या गाडीतली बाई खाली उतरली आणि नाकाच्या मागोमाग चालत थेट यशोदेजवळ आली.

"काका, खोबरेलात काय तळताय? आमच्यासाठी दोन प्लेट मिळतील?"

"इथं इंजिन तळतंय, बाई," रावजी म्हणाला.

त्याच रांगेत, नुसतं उभ्या उभ्या, काटा शेवटच्या रेघेवरून घसरला आणि शून्यावर झोपला. टक्टक् परत सुरू. मार्तंडरावांनी इंजिन बंद केलं. बोटीवरच्या पोरांनी आणि पुण्याच्या लोकांनी मिळून यशोदेला ढकलत बोटीवर चढवली. स्वतःच्या चाकांवर, पण दुसऱ्याच्या जिवावर.

बोट सुटली. देवदत्त त्याच्या गाडीतून उतरून आला. आवाज मऊ केला होता, पण डिकीतला दोर हातात होता.

"बाबा, पुरे आता. आगरदांड्याला उतरल्यावर माझ्या गाडीला बांधू. मुरुडला भंगारवाला उभा राहतोय."

मार्तंडरावांनी खिशातून रुमाल काढला आणि काट्यावरची काच पुसू लागले. स्वच्छच होती काच. तरी पुसत राहिले.

ते किशोरीने बघितलं. या माणसाने तिला याच जीपवर ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर गाडी शिकवली होती. तिने दोनदा लाटेत घातली, एकदा खेकड्यांच्या बिळात, तरी "छान, आता उजवीकडे" याच्यापुढे एक शब्द बोलले नव्हते. किशोरीने पापडांचं देऊळ पुण्याच्या बाईच्या हातात दिलं आणि ती खाली उतरली. बॉनेटजवळ गेली, नाकावरचा पदर काढला आणि वास घेतला, जसा सासूने पाटावर बसवून तेल लावल्यावर कधी घेतला नव्हता तसा, पोटभर.

"बाबा, एक विचारू? आईंची तेलाची बाटली सकाळी कशी असते?"

"गोठलेली."

"रंग?"

"पांढरी." मार्तंडरावांचा रुमाल थांबला.

"खव्यावानी," रावजी हळूच म्हणाला.

"आणि बॉनेटवर ऊन खाल्लं की?"

"वितळते."

"तुमची गाडी आणि आईंची बाटली, दोघी एकाच वेळी झोपेतून उठतात, बाबा. एकाच उन्हात. आणि तापवलं की खोबरेल कसं होतं? पाण्यासारखं पातळ. मग पंप बिचारा काय ढकलणार?"

देवदत्त म्हणाला, "काहीतरीच! बाबांनी काल कॅनमधून नवं ऑइल घातलंय. मग ते ऑइल गेलं कुठे?"

"तेच सांगतेय. पहाटे मी रुखवताचा कॅन उचलला, तर आत तेल डचमळत होतं." किशोरीने सासूकडे बघितलं. "आई, बाटली दगड झालेली असताना कॅनातलं खोबरेल डचमळेल का हो?"

कुमुदताईंचा हात तोंडावर गेला.

जरीची किनार बाजूला सारून रावजीने झाकण उघडलं. आत मधासारखं, सोनेरी, घट्ट इंजिन ऑइल. त्याने बोट बुडवलं, दोन बोटांत घासलं, वास घेतला आणि कॅनला नमस्कार केला.

"नवंकोरं हाय. वर हळदीकुकू लावलेलं हाय."

झालं होतं ते असं. या घरात ऑइलचा कॅन कधी फेकला जात नाही. रिकामा झाला की कुमुदताई तो राखेने, सोड्याने आणि उकळत्या पाण्याने असा घासतात, की कॅनलासुद्धा आपलं आधीचं आयुष्य आठवू नये. मग त्यात घाण्यावरचं खोबरेल भरतात. काल पडवीत दोन काळे कॅन शेजारी शेजारी उभे होते, एक मार्तंडरावांचा आणि एक कुमुदताईंचा. दुपारच्या उबेत दोन्ही पातळ. मार्तंडरावांनी आपला समजून कुमुदताईंचा उचलला, कुमुदताईंनी आपला समजून मार्तंडरावांचा सजवला.

"तू माझा कॅन घेतलास!"

"तुम्ही माझा घेतलात! मी निवडून बाजूला ठेवलं होतं ते. घालताना वास नाही आला तुम्हाला?"

"अगं, वास आला. पण वास तर तुझाही येतो!"

पुण्याची बाई एवढं हसली की पापडांच्या देवळाचा कळस पडला.

"आणि किशोरीने सकाळी सांगितलं होतं," कुमुदताई एकदम म्हणाल्या. "आपण सगळे हसलो. जन्मभर या वासात राहून आपली नाकं मेली हो. घरात एकच जिवंत नाक आहे, ते कोरेगावहून आलंय."

किशोरी लाजली. देवदत्तने हातातला दोर हळूच पाठीमागे नेला.

आगरदांड्याला रावजी यशोदेखाली शिरला. बोटवाल्यांकडून घमेलं मागून आणलं, चेंबरचा नट सोडला आणि खोबरेल घळाघळा उतरलं. गरम, काळंभोर, कारण यशोदेच्या पोटात जुन्या ऑइलचं जे काही राहिलं होतं ते सगळं त्याने धुऊन आणलेलं. मग रुखवतातला कॅन पालथा करून सोनेरी ऑइल आत. मार्तंडरावांनी चावी फिरवली. काटा एकदा थरथरला, त्याने इकडेतिकडे बघितलं आणि उभा राहिला तो उभाच. इंजिन तर इतकं शांत, की सुरू आहे का बंद, हे बघायला रावजीला कान लावावा लागला.

"गुरुजी, खोबरेलाने आतून पार धुतलंय हिला. अभ्यंग झालंय!"

निघणार, तोच कुमुदताई अडून बसल्या. "कॅन रिकामा झाला की! मुलीच्या सासरी रिकामं भांडं पाठवत नाहीत."

"मग आता खोबरेल कुठून आणू?" मार्तंडराव म्हणाले.

कुमुदताईंनी घमेल्याकडे बघितलं.

"आई, नको!" किशोरी म्हणाली.

"नुसतं मांडायला गं. रुखवतातला कॅन कोण उघडून बघतंय? परत येताना मी गुपचूप घेऊन येते." आणि आपल्या जुन्या साडीच्या तुकड्यातून त्यांनी ते काळं खोबरेल गाळून कॅनमध्ये भरलं, जरी नीट केली, हळदीकुंकू ताजं लावलं.

त्यापुढे काय विचारता! यशोदा काशीदचा चढ अशी चढली, की वरून उतरणाऱ्या गाड्या आदराने बाजूला झाल्या. रेवदंड्याच्या पुलावर देवदत्तची नवी गाडी बरीच मागे पडली आणि त्याने फोन करून विचारलं, "बाबा, जरा हळू घ्याल का?" दिवेलागणीच्या आधी यशोदा अलिबागच्या कार्यालयाच्या दारात उभी. स्वतःच्या चाकांवर. कमळ धावत आली आणि भावाच्या आधी जीपला ओवाळून मोकळी झाली.

रुखवत मांडलं. कळस नसलेलं देऊळ, सुपारीचा मोर, आणि मधोमध तो कॅन. कुमुदताई कॅनच्या बाजूलाच खुर्ची टाकून बसल्या, त्यावरून नजर हलवेनात. पण मांडवात मामीला कोण बसू देतं? ओटीचं सामान बघायला त्या आत गेल्या आणि बाहेर आल्या, तर नवऱ्या मुलाची आई, सगुणाबाई, कॅनचं झाकण उघडून उभी. तळहातावर थेंब घेतलेला.

"काय हो कुमुदताई, हे एवढं काळं?"

कुमुदताईंच्या पायाखालची जमीन अलिबागच्या किल्ल्यापर्यंत सरकली.

"ते... ते आमच्या..."

"माक्याचं तेल ना?" सगुणाबाईंचे डोळे चमकले. "माका घालून, मंद आचेवर, लोखंडात आटवलेलं! रंग बघूनच कळतं हो. आमची आजी करायची. हल्ली कोण करतं एवढं? आश्लेषा, हे रुखवतात नको ठेवायला बाई, कोणीतरी उचलेल. मी आत्ताच गाडीत ठेवते."

आणि गेल्या घेऊन. किशोरीने सासूकडे बघितलं, सासूने किशोरीकडे. दोघींनी एकदमच मंगलाष्टकांकडे लक्ष दिलं, जी अजून सुरूही झाली नव्हती.

नंतर बरेच दिवस दिवेआगरला फोन वाजला की कुमुदताई दचकायच्या. आश्लेषाच्या घरी काय झालं असेल? कोणाचं डोकं खाजलं असेल? किशोरी तर रोज म्हणायची, "आई, सांगून टाकूया खरं." कुमुदताई म्हणायच्या, "उद्या सांगू." आणि असं करता करता एका दुपारी फोन वाजलाच. सगुणाबाई. सगळे झोपाळ्याभोवती जमले. कुमुदताईंनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा धरला आणि डोळे मिटले.

"सगुणाबाई, मी तुम्हाला एक सांगणारच होते..."

"आधी माझं ऐका! तेल संपलं हो! आमच्या ह्यांच्या डोक्यावर चंद्र होता ना, तिथे आता अमावस्या सुरू झालीये! काळी कुळकुळीत लव! माझी नणंद मागतेय, शेजारीण मागतेय. चौलच्या वैद्यांनी बाटली धरून बघितली, म्हणाले असा गुण आमच्या औषधात नाही. कसं करता ते सांगू नका, घराण्याचं गुपित असेल. पण मला आणखी एक कॅन पाठवाच!"

झोपाळ्याच्या कड्या कुरकुरायच्या थांबल्या. मार्तंडराव छताकडे बघत होते. किशोरीने तोंडात पदर कोंबला होता. देवदत्तचा चेहरा, डेबिट आणि क्रेडिट दोन्ही एकाच बाजूला आल्यासारखा.

कुमुदताईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. आणि मग त्यांची नजर अंगणात गेली, जिथे उन्हात यशोदा उभी होती, आणि तिच्या बॉनेटवर ती तेलाची बाटली.

"सगुणाबाई," त्या शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे ते तेल वर्षातून एकदाच निघतं हो. थंडीत. घाणा फार जुना आहे."

"मग जपा हो त्याला! असले घाणे आता बनत नाहीत. मोडीत वगैरे काढू नका कोणाच्या सांगण्यावरून!"

फोन ठेवला. कुमुदताईंनी मुलाकडे वळून बघितलं.

"ऐकलंस ना रे, देवदत्त? आश्लेषाच्या सासूबाईंचा शब्द आहे. मोडता यायचा नाही."

देवदत्त उठला, पायात चपला घातल्या आणि बाहेर गेला. थोड्या वेळाने बघतात तो काय, नव्या पांढऱ्या गाडीवरचं ताडपत्रीचं आवरण काढून तो ते यशोदेवर घालत होता, कोपरे नीट खोचून. तेलाची बाटली मात्र त्याने आधी उचलून बाजूला ठेवली, मग आवरण घातलं, आणि मग परत बॉनेटवर होती तिथेच ठेवली.